राजीच्या दुसऱ्या भागाकडून काय मागावे

रोल-प्लेइंग गेमच्या, म्हणजे आरपीजीच्या, चाहत्यांइतकी वाट दुसऱ्या कुठल्या कलेचे रसिक पाहत असतील असे वाटत नाही. 'स्कायरिम' नोव्हेंबर २०११ मध्ये आला. त्याच्या पुढच्या भागाची, म्हणजे 'एल्डर स्क्रोल्स ६'ची, घोषणा जून २०१८ मध्ये झाली. तीसुद्धा कशी, तर डोंगररांगांवरून फिरणारा कॅमेरा आणि वर उमटणारे नाव, एवढ्यावर. 'डायब्लो'च्या दुसऱ्या आणि तिसऱ्या भागात बारा वर्षांचे अंतर पडले, 'बाल्डर्स गेट'च्या दुसऱ्या-तिसऱ्या भागांत तेवीस. शाळेत असताना पहिला भाग खेळलेला मुलगा दुसरा भाग येईपर्यंत संसाराला लागलेला असतो. इतक्या लांबलेल्या प्रतीक्षेवर लिहिणारे बहुधा एक बाजू धरतात. कुणी चाहत्यांना हट्टी ठरवतो, कुणी कंपन्यांना लबाड. या दोन्ही निवाड्यांनी कलेबद्दल काहीच हाती लागत नाही. लांबलेल्या गेमांचे गेल्या काही वर्षांतले निकाल एकापुढे एक मांडले तर वेगळेच चित्र दिसते. उशिरामुळे गेम पडलेला नाही आणि उशिरामुळे तरलेलाही नाही. ज्या गेमने खेळणाऱ्याच्या हातातला निर्णय वाढवला तो जिंकला, ज्याने तो काढून घेतला तो हरला. म्हणून पुढच्या भागाकडून गोष्टीचा शेवट मागण्यापेक्षा निर्णयाचा अधिकार मागावा, असे माझे म्हणणे आहे. पुण्यात घडलेल्या एका गेमच्या संदर्भात ते आज विशेष निकडीचे झाले आहे.

आधी बाहेरचे पुरावे पाहू. 'शेनमू'चा दुसरा भाग २००१ चा. बापाच्या खुन्याच्या मागावर निघालेला मुलगा तिथे अर्ध्या वाटेवर थांबला आणि चाहते अठरा वर्षे थांबले. २०१५ मध्ये तिसऱ्या भागासाठी लोकवर्गणी उघडली, तेव्हा साठ लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली. मालिकेचे कर्ते यु सुझुकी यांनी २०१९ मध्ये जो गेम दिला तो जवळजवळ जुन्याच चालीचा होता. तेच संथ संवाद, तेच पै-पै जमवणे, तीच रेंगाळत जाणारी गावे. आठवण जशीच्या तशी परत मिळाली, तरी समाधान थोड्यांचेच झाले, आणि खुन्याचा हिशेब तर अजूनही बाकीच राहिला. 'ड्रॅगन एज'चा अनुभव याच्या उलट टोकाचा. या मालिकेची ख्यातीच अशी की पहिल्या भागात कुणाला राजा केले, कुणाला मरू दिले, याची नोंद पुढच्या भागात चालत येई. २०१४ च्या भागात असे शेकडो निर्णय सोबत आणता येत होते. दहा वर्षांनी, ऑक्टोबर २०२४ मध्ये 'व्हेलगार्ड' आला, तेव्हा मागच्या भागातले तीनच निर्णय विचारले गेले. लढाई चपळ झाली होती, चित्रे देखणी होती, पण चाहत्याने तीन गेमांत जपलेले जग पुसले गेले होते. पहिल्या तिमाहीत सुमारे १५ लाख लोकांनी तो खेळला आणि ही संख्या अपेक्षेच्या जवळपास निम्मी असल्याचे कंपनीनेच जाहीर केले.

'व्हँपायर: द मास्करेड – ब्लडलाइन्स'चे उदाहरण मला सगळ्यांत बोलके वाटते. २००४ चा हा गेम दोषांनी भरलेला होता. तो बनवणारा ट्रॉइका स्टुडिओ पुढच्याच वर्षी बंद पडला, आणि चाहत्यांनीच वर्षानुवर्षे त्याची डागडुजी केली. एवढा जीव त्यांनी कशासाठी लावला? त्यात मल्केव्हियन नावाचे वेडसर कुळ निवडले, तर पात्राची जवळजवळ सगळी बोलणीच बदलत. तो माणूस रस्त्यावरच्या थांब्याच्या पाटीशी भांडत बसे. पहिल्या पाच मिनिटांतली निवड शेवटपर्यंत पाठ सोडत नसे. दुसऱ्या भागाची घोषणा २०१९ मध्ये झाली, मध्ये स्टुडिओ बदलला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये जे आले त्यात नायक आधीच ठरलेला होता. शिवाय दोन कुळे वेगळे पैसे मोजून घ्यावी लागतील असे सांगितले गेले. संताप उसळला तेव्हा तो बेत मागे घेतला. एकवीस वर्षे ज्या एका गोष्टीसाठी लोक थांबले होते, नेमकी तीच आखडली. याच्या शेजारी 'बाल्डर्स गेट ३' ठेवावा. बेल्जियमच्या लेरियन स्टुडिओने जुनी गोष्ट पुढे नेण्याचा फारसा अट्टहास केला नाही, जुनी दोन-चार पात्रे तेवढी भेटतात. मात्र ऑक्टोबर २०२० मध्येच त्यांनी पहिला अंक अपुऱ्या अवस्थेत खेळणाऱ्यांच्या हाती दिला, जवळजवळ तीन वर्षे त्यांचे ऐकले, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये असा गेम आणला की दार फोडा, कुलूप उघडा, पहारेकऱ्याला बोलण्यात गुंगवा, नाहीतर मेलेल्याच्या प्रेताला प्रश्न विचारा, वाट निघतेच. त्या वर्षीचा सर्वोत्तम गेमचा पुरस्कार त्यालाच मिळाला. तेवीस वर्षांचे ओझे त्याच्या खांद्यावरही होतेच.

आता पुण्याकडे येऊ. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या छोट्या स्टुडिओने 'राजी: अॅन एन्शंट एपिक' केला. २०१७ मधला लोकवर्गणीचा प्रयत्न फसला होता आणि सहसंस्थापक श्रुती घोष यांनी आपला फ्लॅट विकून काम चालू ठेवले, हे त्या वेळी पुष्कळ छापून आले. गेम १८ ऑगस्ट २०२० रोजी निंटेंडो स्विचवर आला, ऑक्टोबरमध्ये इतर यंत्रांवर, आणि वर्षअखेरीच्या गेम अॅवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळाले. राखीच्या सणाला असुरांचा हल्ला होतो, राजीचा धाकटा भाऊ गोलू पळवला जातो, दुर्गा तिला त्रिशूल देते, आणि ही कसरती करणारी पोर भिंतींवरून धावत, खांबांना गिरक्या घेत महाबलासुराकडे निघते. पहाडी चित्रशैलीतल्या भिंती, मध्ययुगीन राजस्थानी वास्तू, बाहुल्यांच्या सावल्यांनी सांगितलेली गोष्ट हे सगळे आजही डोळ्यांना सुखावते. वाटेत भित्तिचित्रे लागतात. तिथे उभे राहिले की दुर्गा आणि विष्णू यांचे बोलणे ऐकू येते. पुढे मंडलाची कडी फिरवून चित्र जुळवायचे आणि त्यातून भावंडांच्या आठवणी उलगडायच्या. हा या गेममधला सर्वांत हळवा भाग.

दोष सांगायचा तर याच जागी सांगितला पाहिजे. मंडलाची कडी एकाच रीतीने जुळतात. भित्तिचित्रासमोर देव राजीबद्दल बोलतात, पण राजी त्यांना उत्तर देऊ शकत नाही. पाच-सहा तासांत गेम संपतो आणि शेवट असा तुटतो की पहिली प्रतिक्रिया 'पुढचा भाग कधी?' हीच असते. समीक्षकांनी कॅमेऱ्याला आणि लढाईला नावे ठेवली. आपल्याकडच्या कौतुकात मात्र या गोष्टी बाजूला पडल्या. आपल्या मातीतला गेम जगात पोहोचला या अभिमानाने सगळी जागा व्यापली. तो अभिमान रास्त आहे, पण त्यातून जी अपेक्षा तयार झाली ती उथळ आहे: दुसरा भाग मोठा असावा, आणखी देव असावेत, गोलूचे काय झाले ते कळावे. 'राजी: कलियुग' या नावाने दुसरा भाग जाहीर झाला तोवर पाच वर्षे उलटून गेली होती आणि मागण्या याच राहिल्या होत्या. पुण्याच्याच सुपरगेमिंगचा 'इंडस' २०२२ मध्ये जाहीर होऊन ऑक्टोबर २०२४ मध्ये आला. त्याच्या वाटेलाही 'भारतीय' या विशेषणाचे ओझे आले होते. विशेषणाच्या जोरावर गेम एकदा डाउनलोड होतो. तो पुन्हा उघडावासा वाटायला खेळण्यातच काही असावे लागते.

पुराणकथेत निर्णयाला वाव कुठे, असा आक्षेप इथे येईल. देव जिंकणार, असुर मरणार हे ठरलेले, मग खेळणारा बदलणार तरी काय? याला उत्तर शोधायला लांब जायला नको. पुण्याहून तास-दीड तासावर शिरूर आणि दौंड हे तालुके आहेत आणि तिथल्या भाविकांना ते पाठ आहे. शिरूर तालुक्यातल्या रांजणगावची कथा त्रिपुरासुराची. गणेशाच्या वराने तो माजला आणि खुद्द शंकराला आवरेना. शंकराने गणेशाची आराधना केली, मग त्रिपुराचा नाश झाला. दौंड तालुक्यातल्या शिरापूरसमोर, भीमेच्या पलीकडच्या काठावर सिद्धटेक आहे. तिथली कथा विष्णूची. मधू आणि कैटभ यांच्याशी तो दीर्घकाळ लढला, जय मिळेना, मग चूक उमगली, मागे फिरला, सिद्धी मिळवली आणि पुन्हा उभा राहिला. अष्टविनायकांपैकी या दोन ठिकाणच्या कथा हरलेल्या देवाच्या आहेत. काहीतरी करायचे राहिले म्हणून डाव फसतो, आणि वेगळा मार्ग धरल्यावर जमतो. शेवट माहीत असूनही ऐकणारा गुंततो तो त्या मधल्या चुकीत. राजीला मात्र मागे फिरण्याची, चुकीचा वर मागण्याची, चुकीच्या देवावर भरवसा ठेवण्याची मुभाच नाही. पराभव झाला तर ती तिथेच पुन्हा उभी राहते आणि कथेला त्याचा पत्ताही लागत नाही.

पवित्र कथेशी अशी मोकळीक घेतली तर भावना दुखावतील, ही भीती खोटी नाही. आजच्या काळात स्टुडिओने ती बाळगणे समजण्यासारखे आहे. पण भाविकता आणि मोकळीक एकत्र नांदल्याचा पुरावा याच भागात आहे. शिरूरचे कवठे येमाई हे तमाशाशी नाते सांगणारे गाव. लोकशाहीर बी. के. मोमीन कवठेकर यांनी तिथे राहून तमाशा मंडळांसाठी वग आणि गीते लिहिली. तमाशाची सुरुवात गणाने, म्हणजे गणपतीच्या वंदनाने होते आणि लगेच गवळणीत मावशी आणि पेंद्या खुद्द कृष्णाची खोड काढतात. समोर बसलेल्या माणसाने कृष्णाला हात जोडलेले असतात आणि त्याच कृष्णाला उलट उत्तर मिळाले की तोच माणूस टाळी देतो. यात्रेतला वग सगळ्यांना तोंडपाठ असतो. तरी गर्दी होते, कारण सोंगाड्या आज समोरच्या माणसांकडे पाहून काय बोलेल ते कुणालाच ठाऊक नसते. गेमच्या रचनाकाराने इतके धाडस केले तर ते परंपरेच्या आतलेच धाडस असेल.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पैसा. लेरियनसारखे शेकडो माणसांचे मनुष्यबळ पुण्याच्या स्टुडिओने आणायचे कुठून? प्रत्येक निर्णयाची वेगळी फांदी लिहायची, बोलून घ्यायची, तपासायची म्हणजे खर्च अनेकपट. हे मान्य. पण निर्णय म्हणजे शंभर शेवट असा अर्थ नाही. २०१५ चा 'अंडरटेल' बहुतांशी टोबी फॉक्स या एकट्या माणसाचे काम. समोरच्या राक्षसाला मारायचे की सोडायचे, एवढाच प्रश्न त्यात पुन्हा पुन्हा येतो आणि जग त्याचे उत्तर लक्षात ठेवते. 'डिस्को एलिझियम' करणारी एस्टोनियाची मंडळी २०१९ मध्ये कुणाच्या खिजगणतीतही नव्हती. त्यांनी लढाईच काढून टाकली आणि वाचलेला पैसा संवादांत घातला. राजीच्या दुसऱ्या भागात भिंतीवरची नक्षी दहा टक्के कमी झाली आणि तेवढ्यात दुर्गा-राजी संवादाच्या चार जागा उभ्या राहिल्या, तर चाहत्याचे नुकसान होणार नाही.

'राजी' हा धावण्या-लढण्याचा साहसी गेम, आरपीजी नव्हेच, मग त्याला आरपीजीचे माप का, असेही विचारता येईल. प्रश्न योग्य आहे. हे माप मी त्याच्या कथेमुळे लावतो. अजाण मुलीला देव हत्यार म्हणून निवडतात आणि तिचा भाऊ हे तिचे एकमेव कारण असते. देवांचे काम आणि तिचे काम यांत अंतर आहे, हे पहिला भाग स्वतःच सुचवतो आणि तिथून निघून जातो. कलावंत चाहत्याचे देणे लागत नाही हे खरे. गोलू जिवंत निघावा की नाही, हे सर्वस्वी लेखकाने ठरवावे. पण स्वतः उभ्या केलेल्या प्रश्नाचे देणे मात्र कलावंताला चुकत नाही.

हा गेम कोणापर्यंत पोहोचतो, हेही अपेक्षेत धरले पाहिजे. पहिला भाग ज्या यंत्रावर आधी आला, ते निंटेंडो स्विच भारतात अधिकृतपणे विकलेच जात नव्हते. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, २ सप्टेंबर २०२० रोजी पबजीवर बंदी आली. रांजणगावच्या कारखान्यांत पाळी करणाऱ्या आणि दौंडहून रोज रेल्वेने पुण्याला ये-जा करणाऱ्या पोरांच्या दृष्टीने त्या पंधरवड्यातली गेमची बातमी म्हणजे ही बंदी. गेम म्हणजे मोबाइल आणि मोबाइल म्हणजे चार जणांनी मिळून गोळ्या झाडणे, ही त्यांची सवय कमअस्सल नाही. तिथेही कुठे उतरायचे, कुणाला वाचवायला मागे फिरायचे, हे निर्णय तेच घेतात आणि म्हणूनच ते रमतात. राजी काही काळाने नेटफ्लिक्समार्फत मोबाइलवर आला, तोवर त्यांच्या हातांना निर्णयाची चटक लागलेली होती. ठरलेल्या वाटेवरून पळायला लावणारा देखणा गेम त्यांना थांबवू शकणार नाही. पहिल्या भागाला हिंदी आवाज मिळाला तो २०२२ च्या सुधारित आवृत्तीत. पुण्यात घडणाऱ्या दुसऱ्या भागात मराठी आवाज पहिल्या दिवसापासून असावा, साध्या मोबाइलवर चालेल अशी आवृत्ती फार मागे राहू नये, आणि भित्तिचित्रासमोर दुर्गा काही सांगू लागली की राजीला थेट तिला विचारता यावे: माझाच भाऊ का, आणि मी नाही म्हटले तर?