उसनी तळटीप

मुळांत आधार नाहीं असें आपण कांहींच लिहिणार नाहीं, अशी प्रतिज्ञा मल्लिनाथानें आपल्या टीकांच्या आरंभीं केली आहे. पुढील विद्वानांस ती फार आवडली. परंतु ती पाळली गेली कीं नाहीं हें प्रस्तावनेवरून समजत नाहीं. त्यासाठीं पानाच्या तळाशीं बारीक टाइपांत काय छापलें आहे तें पाहावें लागतें.

मराठ्यांच्या इतिहासावरील एक प्रबंध नुकताच प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यांत आला. भाषा नीटस, मांडणी व्यवस्थित, आणि तळटीपा तर पानोपानीं. ग्रंथसूचींत ग्रँट डफच्या इतिहासाची एडवर्ड्सनें संपादिलेली १९२१ ची आवृत्ति नमूद आहे. ही आवृत्ति दोन खंडांची. तळटीपांतून मात्र त्याच ग्रंथाच्या ‘खंड ३’ चा हवाला वारंवार येतो! डफचा ग्रंथ १८२६ त प्रथम निघाला तो तीन खंडांचा होता, हें ध्यानांत घेतलें म्हणजे उलगडा होतो. पृष्ठांक कोणा पूर्वसूरीच्या तळटीपेंतून उतरले, सूची ग्रंथालयाच्या यादीवरून तयार झाली, आणि मूळ ग्रंथ कपाटांतच राहिला.

यांत एवढें बिघडलें काय, असें कोणी विचारील. मजकूर खरा असला म्हणजे झालें! पण तो खरा आहे हें ठरवावयाचें कसें, हाच तर प्रश्न आहे. तळटीप ही लेखकाच्या विद्वत्तेची पताका नव्हे. ती वाचकाच्या हातीं दिलेली हुंडी आहे. त्यानें ती सांगितलेल्या पेढीवर नेली कीं वटली पाहिजे. पहिल्यानें पृष्ठांक चुकविला आणि मागून येणाऱ्या दहांनीं तो न तपासतां उचलला, तर वाचकास दहा साक्षी दिसतात; वास्तविक साक्षीदार एकच असतो, आणि तोहि चुकलेला. ज्यानें आधार मुळींच दिला नाहीं, त्याच्याविषयीं वाचक निदान सावध तरी राहतो.

या बाबतींत खुद्द डफचें उदाहरण बोधप्रद आहे. त्यानें आपल्या टीपांतून साधनांचा निर्देश केला, आणि वापरलेल्या कांहीं कागदांच्या नकला मुंबईच्या लिटररी सोसायटींत ठेविल्याचेंहि नमूद केलें. पुढें शोध करणारांस त्या तेथें मिळाल्या नाहींत. हुंडी बिनचूक लिहिलेली, पण पेढीच नाहींशी झालेली! हवाला देणाऱ्याची नियत चांगली असली तरी साधन जपून ठेवणारें कोणी नसेल तर तो हवाला पोकळ ठरतो.

राजवाड्यांच्या कार्याचें मोल येथें कळतें. ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड त्यांनीं १८९८ त काढला, आणि एकंदर २२ खंडांतून मूळ पत्रें जशींच्या तशीं लोकांपुढें ठेविलीं. त्यांचीं अनेक अनुमानें पुढील संशोधकांस मान्य झालीं नाहींत. परंतु तीं खोडावयाचीं झालीं तरी त्यांनींच छापलेल्या कागदांचा उपयोग होतो. आपला प्रतिवाद करण्याचें साधन जो स्वतःच वाचकाच्या हातीं देतो, त्याला संशोधक म्हणावें.

हीच वृत्ति भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तींत पूर्णत्वास पोहोंचली. १९१९ त आरंभिलेलें हें काम १९६६ त संपलें. त्यासाठीं १२५९ हस्तलिखितांचा उपयोग केला गेला. डॉ. सुखठणकर व त्यांच्यामागून आलेले संपादक यांनीं वर आपला पाठ दिला आणि खालीं, कोणत्या पोथींत काय निराळें आहे, तें प्रत्येक पोथीच्या संकेतचिन्हासह नोंदविलें. ज्यास संपादकांचा निर्णय पटत नसेल, त्यानें खालच्या ओळी वाचून स्वतः निर्णय करावा. एवढ्या विद्वानांनीं वाचकास हा अधिकार दिला, आणि आमचा प्रबंधकार तो नाकारतो.

हल्लीं विद्यापीठांतून उचलेगिरीस आळा घालण्यासाठीं यंत्राची योजना झाली आहे. विद्यापीठ अनुदान मंडळाच्या २०१८ च्या नियमांनीं शेंकडा १० पर्यंतच्या साम्यास दंड नाहीं, त्यापुढें पायरीपायरीनें शिक्षा आहे. नियम असावा, याबद्दल वाद नाहीं. पण यंत्र शब्द जुळवून पाहतें. लेखकानें ग्रंथ उघडला होता कीं नाहीं, हें त्यास कसें कळावें? वर वर्णिलेला प्रबंध अशा परीक्षेंतून सुखरूप पार पडेल.

उपाय जुनाच आहे व फारसा कठीणहि नाहीं. जी आवृत्ति हातीं घेतली तिचेंच साल व पृष्ठ द्यावें. मूळ ग्रंथ पाहावयास मिळाला नसेल तर अमक्याच्या पुस्तकांत तो उद्धृत केलेला पाहिला, असें सरळ लिहावें. यांत कमीपणा कांहीं नाहीं. ज्याच्याकडून हवाला मिळाला त्याचें ऋणहि त्यानें फिटतें, आणि चूक निघालीच तर ती कोठें शिरली तें पुढच्यास सांपडतें. ‘मीं हें स्वतः पाहिलें नाहीं’ एवढें एक वाक्य लिहिण्याचें धैर्य ज्या प्रबंधांत आढळेल, त्यांतील बाकीच्या तळटीपांवर वाचकानें खुशाल विश्वास ठेवावा.