‘फकिरा’ कादंबरी व हजेरीचा इतिहास

अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ ही कादंबरी इ. स. १९५९ मध्यें प्रसिद्ध झाली. तिला वि. स. खांडेकर यांची प्रस्तावना लाभली व १९६१ सालीं महाराष्ट्र शासनाचें पारितोषिकही मिळालें. तिच्या वाङ्मयीन गुणांची चर्चा पुष्कळ झाली आहे. आम्हांस येथें केवळ इतिहासाच्या दृष्टीनें तिचें परीक्षण करावयाचें आहे. कादंबरी हें अस्सल साधन नव्हे हें उघड आहे. परंतु ज्यांच्या घरीं सनदा, महजर व वंशावळी राहिल्या नाहींत, त्यांची हकीगत पुष्कळदां कथेंतच शिल्लक राहते. अशा कथेंतील प्रमाण भाग कोणता व कल्पित कोणता, हें निवडणें संशोधकांचें काम आहे.

कथेचें स्थळ वाटेगांव. हें वाळवें तालुक्यांतील गांव त्या वेळीं इंग्रजी सातारा जिल्ह्यांत होतें, आज तें सांगली जिल्ह्यांत मोडतें. दक्षिणेस वारणा ओलांडली कीं करवीर संस्थानची हद्द लागे. मांग जातीचा फकिरा दुष्काळांत उपाशी मरणाऱ्या लोकांसाठीं धान्य व सरकारी खजिना लुटतो, आणि पुढें सरकारनें आप्तस्वकीयांस ओलीस धरल्यामुळें शरण जातो, असें थोडक्यांत कथानक आहे.

पहिला प्रश्न कालाचा. दुष्काळ व रोगाची साथ यांवरून वाचक सहजच १८९६-९७ चा दुष्काळ व प्लेग यांकडे बोट दाखवील. परंतु अण्णा भाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२० चा. आणि त्या प्रसंगीं फकिरानें बाळाच्या घुटीसाठीं ओंजळभर सुरती रुपये दिले, अशी आख्यायिका सर्वत्र सांगितली जाते. ती खरी धरल्यास फकिरा १९२० पर्यंत हयात होता. १९१८ सालींही पाऊस गेला व इन्फ्लुएंझाची साथ आली, हें ध्यानांत घेतलें म्हणजे दुष्काळ व साथ या दोन खुणांवरून कालनिर्णय होत नाहीं. दोन पिढ्यांच्या आठवणी कथेंत एकवटल्या असाव्यात, असें आमचें मत आहे.

फकिराच्या पूर्वजास शिवछत्रपतींनीं तलवार दिली, असें कादंबरींत आहे. त्या विशिष्ट तलवारीस कागदाचा आधार नसला तरी तिच्यामागील स्थिति खरी आहे. मराठी राज्यांत गडांच्या घेऱ्यावर व पायथ्याशीं पहारा ठेवण्याचें काम रामोशी, महार, मांग, बेरड यांकडे असे. १८१८ नंतर गड ओस पडले व पहाऱ्याची चाकरी सुटली. रामोशांचा उमाजी नाईक १८३२ सालीं पुण्यास फांशीं गेला. इकडे करवीर प्रांतीं १८४४ सालीं सामानगड, भुदरगड येथील गडकऱ्यांनीं आपल्या चाकरीच्या जमिनींवर घाला आला म्हणून उठाव केला. ज्यांनीं राखण करावयाची तेच पुढें राखणीखालीं कसे आले, याचा उलगडा या घडामोडींत आहे.

आतां हजेरीविषयीं. जन्मानेंच गुन्हेगार ठरविणारा कायदा १८७१ चा. तो प्रथम उत्तर हिंदुस्थानास लागू झाला. मुंबई इलाख्यांत तो १९११ च्या नव्या कायद्यानें आला. सरकारनें एखादी जात अधिसूचित केली कीं तिच्यांतील माणसांचीं नांवें नोंदावयाचीं, बोटांचे ठसे घ्यावयाचे, ठराविक वेळीं हजेरी लावावयाची. आणि त्या अधिसूचनेविरुद्ध न्यायालयांत दाद नाहीं. मात्र हजेरी या कायद्याहून जुनी आहे. चावडीवर नांवें पुकारण्याची रीत गांवच्या पोलिसी व्यवस्थेंत आधींपासून रुळलेली होती. कायद्यानें तिला शिक्का दिला. म्हणून कादंबरींत हजेरी आहे एवढ्यावरून कथा १९११ नंतरची ठरत नाहीं.

याच हजेरीसंबंधानें वारणेपलीकडे काय घडलें तें पाहण्याजोगें आहे. राजर्षि शाहू महाराजांनीं १९१८ सालीं करवीर संस्थानांत महार, मांग, रामोशी व बेरड यांची हजेरी बंद केली. त्याच वर्षीं महार वतनाच्या जाचांतूनही लोकांस सोडविलें. आणि चोर म्हणून हिणविलेल्या फासेपारध्यांस सोनतळी येथें पहाऱ्यावर नेमून जुनी राखणदारीच त्यांच्या हातीं दिली. सबंध देशांतून तो कायदा मात्र ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं रद्द झाला. एका नदीच्या दोन तीरांवर कित्येक वर्षांचें अंतर पडलें. ‘त्या काळीं दुसरें कांहीं शक्यच नव्हतें’ ही सबब या एका दाखल्यानें फोल ठरते.

या कसोटीवर ग्रंथाचा एक दोष सांगणें प्राप्त आहे. अण्णा भाऊ सज्जन व दुर्जन अशी मांडणी करतात. विष्णुपंत कुलकर्णी दयाळू, तर दुसरा अधिकारी क्रूर. त्यामुळें हजेरी ही एखाद्या दुष्टाची लहर वाटूं लागते. वस्तुतः ती वहीखात्याची व्यवस्था होती व दयाळू पाटलाच्या हातूनही तीच वही भरली जाई. उलट ओलिसाचा प्रसंग अत्यंत मर्मग्राही आहे. एकाच्या कृत्यासाठीं सगळ्या जातीस जामीन धरणें हेंच त्या कायद्याचें तत्त्व, आणि तें कोणत्याही सरकारी अहवालापेक्षां येथें स्पष्ट दिसतें. अमेरिकेंत हार्पर ली यांची ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ ही कादंबरी १९६० सालीं निघाली, व पुढें तिकडील अभ्यासकांनीं १९३१ च्या स्कॉट्सबरो खटल्याचे कागद तिच्याशेजारीं ठेवून वाचले. ‘फकिरा’स तोच मान मिळाला पाहिजे.

त्यासाठीं संग्राहकांस आमची विनंति आहे. सनद, फर्मान किंवा मोडी पत्र दिसतांच आपण तें जपतों. चावडीच्या दप्तरांतील हजेरीपट मात्र रद्दींत जातो. त्यांत रोज रात्रीं ज्यांचीं नांवें पुकारलीं गेलीं, त्यांचीं तीं नांवें दुसऱ्या कोणत्याही कागदावर नसतील. असा पट हातीं आल्यास त्याची नक्कल करून मूळ दप्तर सुरक्षित ठेवावें. फकिराच्या कालाचा निर्णय झालाच तर तो अशाच कागदांवरून होईल.