ऑनलाइन भूमिकाखेळांतील पुनरुक्त पेच आणि मौलिकतेचा प्रश्न

हजारो खेळाडू एकाच कल्पित सृष्टीत वावरतात अशा ऑनलाइन भूमिकाखेळांत ‘बॉस’शी, म्हणजे प्रमुख शत्रूशी, होणारे सामूहिक युद्ध हा रचनेचा कळस मानला जातो. शत्रूचे बळ ही केवळ आकड्यांची बाब होय; त्याचे खरे स्वरूप तो खेळाडूंपुढे कोणता पेच टाकतो ह्यावरून ठरते. खेळाडू ह्याला ‘मेकॅनिक’ म्हणतात. येथे ‘पेच’ हा आखाड्यातला शब्द अधिक सोयीचा. एखादा पेच दुसऱ्या युद्धात पुन्हा दिसला, की ‘हे तर जुनेच’ असा शेरा मारून मोकळे होण्याची रीत खेळाडूंत आणि टीकाकारांत सारखीच रूढ आहे. शेरा बहुधा खरा असतो. त्यावरून काढलेला निर्णय मात्र घाईचा असतो.

संस्कृत साहित्यशास्त्राला हा प्रश्न अपरिचित नव्हता. नवव्या शतकात आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या चौथ्या उद्योतात काव्यांतील साम्याचे तीन प्रकार सांगितले: प्रतिबिंबासारखे, चित्रासारखे आणि दोन सजीव देहांमध्ये असते तसे. पहिले दोन त्याज्य, तिसरे ग्राह्य. कारण चेहरेपट्टी जुळली तरी तेथे प्राण निराळा असतो. ही कसोटी काव्यासाठी घडविली गेली, तरी येथे ती चांगलीच उपयोगी पडते.

प्रतिबिंबाचे उदाहरण शोधावे लागत नाही. ब्लिझर्ड संस्थेच्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ (2004) ह्या खेळात ‘नॅक्सरामस’ हे स्थान 2006 साली चाळीस खेळाडूंच्या तुकडीसाठी खुले झाले. 2008 साली तेच दहा किंवा पंचवीस खेळाडूंसाठी पुन्हा मांडण्यात आले. चार अश्वारोहींपैकी एक बदलला, एकंदर काठिण्य उतरले. परंतु हायगनच्या दालनात जमिनीचे पट्टे क्रमाने फुटत असता लयीत धावणे तेच, आणि थॅडियसपुढे धन व ऋण भारांप्रमाणे तुकडीचे दोन गट पाडणेही तेच. आनंदवर्धनाच्या दृष्टीने हे त्याज्य ठरावे. तथापि 2006 साली तेथवर पोहोचलेल्या तुकड्या फार थोड्या होत्या. बहुसंख्यांनी हे पेच 2008 साली प्रथमच पाहिले, आणि त्यांच्यापुरते ते नवेच होते. हस्तलिखित एकाच मठात पडून असलेल्या काव्याची दुसरी प्रत काढणाऱ्याला चोर म्हणणे कठीण आहे.

अधिक विचार करण्याजोगे उदाहरण ‘जिवंत बाँब’चे. ‘मोल्टन कोअर’मधील बॅरन गेडन एखाद्या खेळाडूवर असा शाप टाकतो, की काही क्षणांनी त्याच्याभोवती स्फोट व्हावा. शापिताने सोबत्यांपासून दूर पळावयाचे, एवढाच त्याचा अर्थ. पुढे ह्या पेचाला कधी विषाचा, कधी काळ्या जादूचा रंग देण्यात आला. रेषा त्याच राहिल्या. ही आनंदवर्धनाची चित्रे होत, आणि त्यांच्याविषयीची खेळाडूंची तक्रार रास्त आहे.

परंतु 2005 साली आलेल्या ‘ब्लॅकविंग लेअर’मधील व्हेलास्ट्राझ पाहावा. हा तांबडा ड्रॅगन मूळचा मित्र. शत्रूच्या जादूने विवश होऊन तो लढतो, आणि लढण्यापूर्वी खेळाडूंना अमर्याद शक्ती देऊन टाकतो. त्याचा शाप ज्याच्यावर पडतो त्याचे मरण निश्चित असते. मरताना त्याचाही स्फोट होतो. येथवर गेडनचाच पेच. मात्र मरेपर्यंत त्या खेळाडूचे प्रहार दुप्पट वेगाने व दुप्पट बळाने पडतात. गेडनपुढे शापिताने केवळ निघून जावयाचे असते. येथे त्याने सोबत्यांपासून दूर उभे राहून अखेरच्या क्षणापर्यंत झुंजावयाचे असते. शत्रूचा मारा अंगावर घेणारा वीरही शापातून सुटत नाही. तो पडताच दुसऱ्याने त्याची जागा घ्यावी लागते. पलायनाचा पेच बलिदानाचा झाला, आणि हा बदल मित्रानेच विवशतेने चालविलेल्या कथेशी पूर्ण जुळतो. ज्यांनी गेडनपुढे पळण्याची सवय अंगी बाणविली, त्यांनाच ह्या बदलाचा अर्थ पुरता कळतो. पुनरुक्ती नसती तर अर्थही नसता.

रॅग्नारॉस ह्या अग्निदैत्याचे 2011 सालचे पुनरागमन ह्याच जातीचे. 2004 साली तो लाव्हात बुडी मारी आणि ज्वालापुत्रांना धाडी; ते आल्या ठिकाणी मारावयाचे. ‘फायरलँड्स’मध्ये बुडी आणि पुत्र दोन्ही कायम आहेत, पण पुत्र आता त्याने जमिनीत रोवलेल्या हातोड्याकडे धावतात आणि त्यांना वाटेतच अडवावे लागते. अधिक कठीण पाठात बुडून गेलेला हा दैत्य अखेर पायांवर उभा राहतो. तो लाव्हातून कमरेपर्यंतच वर येतो असे सात वर्षे गृहीत धरणाऱ्यांना हा धक्का विशेष जाणवला असणार.

जपानी ‘फायनल फँटसी फोर्टीन’चा मार्ग ह्याहून निराळा. 2013 साली नव्याने उभारलेल्या ह्या खेळात ‘सर्वांनी एकत्र उभे राहावे’ आणि ‘परस्परांपासून विलग व्हावे’ ह्यांसाठी ठरीव चिन्हे आहेत. ती युद्धामागून युद्धात येतात. ह्याला दारिद्र्य म्हणणारे टीकाकार कविसमयाचा विसर पडू देतात. चकोर चांदणे पितो हे प्रत्येक कवीने नव्याने शोधून काढावे अशी अपेक्षा कोणी केली नाही. आठ खेळाडूंनी निमिषार्धात कृती करावयाची, तर चिन्ह परिचित असलेच पाहिजे. 2017 सालच्या बहामुतच्या ‘अल्टिमेट’ युद्धात तर जुन्या तीन युद्धांतील शत्रू एकत्र आणले आहेत. ट्विंटानियाचा वावटळीचा पेच 2013 साली एवढेच सांगे, की पायाखालची जागा सोडा. येथे तिघे एकदम चालून येत असता सोडलेली जागा कोणाच्या वाट्याची, हाही प्रश्न उभा राहतो. शब्द जुने, वाक्य पूर्वी कोणी ऐकलेले नाही.

उलट बाजूही पाहिली पाहिजे. 2008 सालच्या मॅलिगॉसच्या युद्धाचा अखेरचा भाग निःसंशय नवा होता: पायाखालची भूमी नाहीशी होऊन खेळाडू तांबड्या ड्रॅगनांवर स्वार होत. पण त्याबरोबर त्यांची सारी कमावलेली विद्याही काढून घेतली जाई आणि हाती चार-सहा अपरिचित कळा राहत. योद्धा, वैद्य, मांत्रिक हा भेदच तेथे पुसला जाई. कित्येक महिने ज्या कौशल्याची उपासना केली ते ऐन निर्णायक प्रसंगी निरुपयोगी ठरावे, ह्याचा खेळाडूंना आलेला राग अनाठायी नव्हता. तेथे पेच मौलिक होता, पण तो सोडविणारा खेळाडू त्याच्या हिशेबात कोठेच नव्हता.