कपाटाची विषयवारी आणि जालावरची सूची

‘डिरेक्टरी ऑफ ओपन अ‍ॅक्सेस जर्नल्स’ ही विनामूल्य वाचता येणाऱ्या संशोधन-नियतकालिकांची सूची. स्वीडनमधील लुंड विद्यापीठात २००३ साली ती सुरू झाली, तेव्हा तिच्यात सुमारे ३०० नावे होती. आज ती २०,००० च्या पुढे गेली आहेत. तीनशे नावांवरून नजर फिरवता येते. वीस हजारांत मात्र नेमके नाव ठाऊक नसलेल्याला विषयवारीचाच आधार. ती विषयवारी या कामाला कितपत पुरी पडते?

सूचीने स्वतःचे वेगळे वर्गीकरण न चालवता अमेरिकेतील ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’चे वर्गीकरण स्वीकारले आहे. ही निवड आम्हांला योग्य वाटते. जगभरचे ग्रंथपाल ते जाणतात, त्यामुळे नोंदींची देवाणघेवाण सोपी होते. परंतु हे वर्गीकरण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका ग्रंथालयाच्या कपाटांसाठी आखले गेले आणि त्या काळाच्या खुणा त्यात उरल्या आहेत. संगणकशास्त्र शोधायचे तर विज्ञान, त्यात गणित, त्यात ‘उपकरणे व यंत्रे’ अशा पायऱ्या उतराव्या लागतात. पर्यावरणशास्त्र विज्ञानात नसून भूगोल, मानवशास्त्र व मनोरंजन यांच्या वर्गात आहे. मानसशास्त्राचे शेजारी तत्त्वज्ञान आणि धर्म! अमेरिका खंडांच्या इतिहासाला दोन स्वतंत्र अक्षरे, तर आशियाचा इतिहास एका अक्षराच्या पोटविभागात. अकरावीचा विद्यार्थी पर्यावरणासाठी मनोरंजनाचे दार ठोठावील, असे आम्हांला वाटत नाही.

सूचीत एका नियतकालिकाला एकाहून अधिक विषय देता येतात, शिवाय शोधशब्दही असतात. ही सोय मोलाची असली तरी मूळ फांद्या जुन्याच राहतात.

येथे डॉ. शि. रा. रंगनाथन यांची आठवण होते. गणिताचे अध्यापक असलेले रंगनाथन १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. ग्रंथालय ही वाढती संस्था आहे, हे सूत्र त्यांनी १९३१ मध्ये मांडले. १९३३ च्या ‘द्विबिंदू वर्गीकरणा’त विषयाला एका खणात कोंबण्याऐवजी त्याचे पैलू वेगळे करून जोडण्याची रीत दिली. कागदी पुस्तकाला अखेर एकच जागा द्यावी लागते. संगणकावरील नोंदीला ती सक्ती नाही. भूजलावरचे नियतकालिक भूशास्त्र, पर्यावरण आणि शेती या तिन्ही वाटांनी भेटले पाहिजे.

म्हणून पुनर्रचना करताना जुने वर्गांक मोडू नयेत. ते मोडले तर ग्रंथालयांशी जुळलेला दुवा तुटेल. ते आत ठेवून वाचकासमोर आजच्या अभ्यासक्रमांशी जुळणारी नवी प्रवेशद्वारे उघडावीत, आणि एका दारातून आलेल्याला शेजारच्या विषयांचीही खूण दिसावी. संशोधन विनामूल्य झाले, पण शोधणाऱ्याला सापडले नाही, तर ते त्याच्यापुरते कुलपातच राहते.