तारांचे पितळ

गिटारच्या तारांच्या पाकिटावर जो मजकूर छापतात, त्याची समीक्षा अजून कुणी केलेली नाही. नवकवितेवर रकानेच्या रकाने भरतात, पण हा वाङ्मयप्रकार उपेक्षितच राहिला. 'उबदार', 'झळाळता', 'समतोल' ही विशेषणे मी स्वेटर, सोने आणि आहार यांच्याबाबतीत ऐकली होती. तारांनाही ती लागतात हे पन्नाशीत कळले, आणि तेही महागात.

गिटार वडिलांची. ते गेल्यापासून कपाटावर पडून होती. नाताळात कॅरलला आपण तीच वाजवणार, असे चिरंजीवांनी जाहीर केले. तारा पार विटलेल्या. वसईची हवा खारी, आमच्याकडे सायकलची चेन टिकत नाही तिथे तार काय टिकणार! मी ऐटीत दुकानात गेलो आणि सगळ्यांत जाड पाकीट उचलले. मोठा आवाज हवा तर जाड तार, हा माझा सिद्धांत. दुकानदारानेही "घ्या साहेब, दणका आहे" म्हणून दुजोरा दिला. गिटार कसली आहे, हे त्याने विचारले नाही आणि मीही सांगितले नाही.

पाकिटावर लिहिले होते 'ब्राँझ'. आत प्रमाण ऐंशी टक्के तांबे आणि वीस टक्के जस्त. आता तांबे अधिक जस्त म्हणजे पितळ, हे आमच्या भांडीवालीलाही ठाऊक आहे! खरे ब्राँझ म्हणजे तांबे आणि कथील. १९७४ साली डॅडारिओ कंपनीने आणलेल्या फॉस्फर ब्राँझच्या तारांत ते असते. त्यांचा आवाज जरा गोल आणि मऊ येतो, झळाळीही जास्त दिवस टिकते. पितळी तार पहिले काही दिवस नव्या नवरीसारखी किणकिणते, मग एकदम अबोला धरते. शिवाय हे सगळे कौतुक गुंडाळलेल्या चार जाड तारांचे. उरलेल्या दोन निव्वळ पोलादी, त्यांच्या वाट्याला विशेषणच नाही.

तारा चढवल्या, सूर लावला, निजलो. रात्री दोनला धाडकन आवाज.

"अहो, मांजर!" ही म्हणाली.

मांजर नव्हते. गिटारची घोडी उखडून तारांना लोंबकळत होती आणि पुढच्या फळीचा ढलपा निघाला होता. चिरंजीव काही बोलले नाहीत. त्यांनी वडिलांचा फोटो तेवढा भिंतीकडे वळवून ठेवला.

सकाळी क्वायरमधल्या म्हाताऱ्या अंकलकडे गेलो. त्यांनी गिटार मांडीवर घेतली. "अरे बाबा, घोडीला तार गाठ मारून बांधायची सोय आहे, दिसली नाही तुला? ही नायलॉनची. नायलॉनच्या सहा तारांचा मिळून ताण चाळीस किलोच्या आसपास. पोलादी लाइट सेट सत्तरच्या पुढे, आणि तू तर त्याहून जाड लावलास. म्हाताऱ्या माणसाला तांदळाची गोण उचलायला लावतोस?"

मग खोड्यात अडकवून, सरस लावता लावता, त्यांनी इतिहास सांगितला. पूर्वी तारा मेंढीच्या आतड्याच्या असत. दुसऱ्या महायुद्धात जखमा शिवायला आतडे लागू लागले, तुटवडा पडला, तेव्हा अमेरिकेत ऑगस्टिन नावाच्या कारागिराने सेगोव्हियासाठी नायलॉनची तार घडवली. म्हणजे आमच्या वडिलांच्या गिटारमागे महायुद्ध होते, आणि मी तिला दणका द्यायला निघालो होतो!

पाकिटावर सहाही तारांची जाडी इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत छापलेली असते. माझा मुख्य आक्षेप असा, की 'आधी गिटार बघा' हे दोन... नव्हे, तीन शब्द त्यात कुठेच नाहीत. मासिकातल्या कवितेला निदान संपादक तरी असतो.

सरस वाळायला दोन दिवस लागले. नायलॉनच्या तारा अंकलनी स्वतः बांधल्या. नायलॉन नवे असताना ताणत राहते, म्हणून कॅरलच्या रात्री चिरंजीव दर गाण्यानंतर खुंट्या पिळत बसले. एका अंगणातल्या आजीने विचारले, "पोरा, गाणं कधी सुरू करणार?"

"आजी, तीन झाली," चिरंजीव म्हणाले.