एकांताचे साक्षी : सोपाऱ्याचा पुण्ण आणि धावडशीचे स्वामी

ठाणें जिल्ह्यांतून २०१४ सालीं निराळा काढलेला पालघर जिल्हा, म्हणजे डहाणू, बोईसर-तारापूर व केळवें-माहीम यांपासून दक्षिणेस सोपारें-वसईपर्यंतचा किनारा, संशोधकांस परिचित आहे तो सोपाऱ्याच्या स्तूपामुळें व फिरंग्यांच्या कोटांमुळें. तपस्व्यांच्या एकांताचा विषय निघाला कीं आपली दृष्टि भंडारा डोंगराकडे, टाकळीकडे, नाहींतर शिवथरच्या घळीकडे जाते. या खाजणांकडे ती कोणी वळवीत नाहीं. तथापि लेखी पुरावा असलेल्या दोन विरक्तांचा संबंध या किनाऱ्याशीं येतो. एक येथें राहावयास आला. दुसऱ्यास येथील युद्धाचीं पत्रें गेलीं. दोघांस शेजारीं ठेवून पाहिलें म्हणजे एकांताच्या वाङ्मयाचें परीक्षण करतांना सहसा न विचारला जाणारा एक प्रश्न समोर येतो. जो एकटा होता, त्याच्या एकटेपणाची बातमी आपणांस कोणीं दिली?

पहिला विरक्त पुण्ण. मज्झिमनिकायांतील पुण्णोवादसुत्तांत हा भिक्षु बुद्धाजवळ थोडक्यांत उपदेश मागतो. हेतु हा कीं तो घेऊन आपणांस एकटें राहतां यावें. राहणार कोठें, असें विचारतां तो सुनापरांत देशाचें नांव घेतो. तेथील लोक कठोर आहेत, शिव्या देतील, मारतील, प्रसंगीं जीवही घेतील, असें बजावलें असतां, त्यांनीं याहून अधिक वाईट केलें नाहीं एवढें त्यांचें चांगुलपणच मी मानीन, अशा अर्थाचें उत्तर तो प्रत्येक वेळीं देतो. सुनापरांत म्हणजे उत्तर कोंकण, असें सामान्यतः मानितात. आणि दिव्यावदानांतील पूर्णावदान तर पूर्णास उघडपणें शूर्पारकाचा, म्हणजे सोपाऱ्याचा, व्यापारी म्हणतें. आतां पुढची हकीकत पाहावी. त्याच एका वर्षावासांत पुण्णानें पांचशें उपासक व पांचशें उपासिका मिळविल्या, असें सुत्त सांगतें. एकटें राहण्यासाठीं निघालेल्या मनुष्याभोंवतीं एका पावसाळ्यांत हजारांचा मेळा! आंकडा ठराविक सांच्याचा आहे, तो मोजून घेण्याचें कारण नाहीं. परंतु सांगणारांस या दोन गोष्टींत विरोध दिसला नाहीं, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

थेरगाथेंत एक गाथा याच पुण्णाची म्हणून अट्टकथेनें दिली आहे. थेरगाथेंतील इतर कित्येक थेरांनीं डोंगर, मेघ, मोर यांचीं रसाळ वर्णनें केलीं आहेत. पुण्णाच्या गाथेंत अरण्य नाहीं आणि एकांतही नाहीं. शील आणि प्रज्ञा यांची थोरवी सांगून ती संपते. काव्य म्हणून आम्हांस ती फिकी वाटते. पण पुरावा म्हणून तिचें मौन मोलाचें आहे: एकटेपणाची गोष्ट दुसऱ्यांनीं सांगितली, ज्याची ती होती त्यानें नाहीं. ही परंपरा टिकविली तीही भाणकांच्या मुखानें. कार्ल्याच्या चैत्यगृहांतील एका स्तंभलेखांत सोपाऱ्याच्या सातिमित नांवाच्या भाणकाचें दान नोंदलेलें आहे. भाणक म्हणजे सूत्रें मुखोद्गत ठेवून तीं म्हणून दाखविणारा भिक्षु. एकांताचें वाङ्मय असें प्रथमपासून संघाच्या कंठांत राहिलें. १८८२ त भगवानलाल इंद्रजी यांनीं सोपाऱ्याचा स्तूप उकलला तेव्हां मिळालेले करंडक सर्वांस ठाऊक आहेत. भाणकाच्या आवाजाचा करंडक कोठून मिळणार?

याच कसोटीस मराठी वाङ्मय लावून पाहूं. लीळाचरित्राच्या आरंभींच्या भागास ‘एकांक’ म्हणतात. चक्रधरस्वामी एकटे हिंडत होते त्या काळच्या लीळा त्यांत आहेत. म्हाइंभटानें स्वामींच्या मागें ज्यांनीं त्यांस पाहिलें-ऐकिलें त्यांच्या आठवणी जमविल्या. पूर्वार्ध-उत्तरार्धास हे साक्षी पुरतात. परंतु एकांकाच्या काळीं शिष्यमंडळी जवळ नव्हतीच. मग साळबर्डीच्या डोंगरांतील गोष्ट कळली कशी? स्वामींनींच ती पुढें कधीं तरी भक्तांस सांगितली, एवढा एकच मार्ग संभवतो. म्हणजे एकांकाचा साक्षी एकच, आणि तोही चरित्रनायक. महानुभावांनीं पाठभेद जपण्यांत जी दक्षता दाखविली तिच्याविषयीं आम्हांस परम आदर आहे; तरी पूर्वार्धाच्या लीळा व एकांकाच्या लीळा एकाच वजनाच्या मानून चालणाऱ्या अभ्यासकांशीं आमचा मतभेद आहे. वाङ्मय म्हणून मात्र एकांकाचें पारडें जड. आठवणींत गाळून आलेला एकटेपणा तेथें इतका स्वच्छ उतरला आहे कीं चार साक्षी असते तर तो गढूळ झाला असता.

तुकोबांच्या एकांताची स्थिति याच्या उलट. अभंग त्यांचे स्वतःचे; पण भंडाऱ्यावरील वृत्तांतासाठीं लोक ज्या महीपतीकडे धांव घेतात त्याचा भक्तविजय १७६२ चा, तुकोबांच्या मागें शंभरांहून अधिक वर्षांनीं लिहिलेला. आणि त्या अभंगांचें गाणें पाहावें तर निर्जनाची गोडी सांगणारा अभंग शेंकडों कंठांनीं, टाळमृदंगाच्या कल्लोळांत म्हटला जातो. यांत विसंगति पाहणारे पाहोत. आम्हांस हेंच मराठी गायनाचें वैशिष्ट्य वाटतें. याच जिल्ह्यांत वारल्यांचा भगत घांगळीवर कणसरीचें गाणें म्हणतो, तेंही भोंवतीं बसलेल्या माणसांत. एकट्यानें एकतारीवर म्हटलेलें पद ऐकावयास कोणी नव्हतें, म्हणून त्याची नोंदही नाहीं. असलीच तर ती बाडांत, पदाच्या माथ्यावर लिहिलेल्या रागाच्या किंवा चालीच्या नांवांत. ही अर्धी ओळ नकलतांना वा छापतांना निरुपयोगी समजून गाळण्याची खोड अद्यापि गेली नाहीं. पद कोणत्या सुरांत म्हटलें जात होतें हें सांगणारा साक्षी तेवढाच, आणि तोच आपण हांकून लावितों.

आतां दुसरे विरक्त, ब्रह्मेंद्रस्वामी धावडशीकर. चिपळुणाजवळील परशुरामक्षेत्रीं त्यांनीं तप केलें. १७२७ सालीं सिद्दी सातानें तें क्षेत्र लुटल्यानंतर ते देशावर आले, साताऱ्याजवळ धावडशीस राहिले आणि १७४५ त समाधिस्थ झाले. १७३९ च्या आरंभीं माहीम व तारापूर हे कोट मराठ्यांच्या हातीं आले, तारापुरीं बाजी भिवराव रेठरेकर कामास आले, आणि मे महिन्यांत वसई पडली. वसईचा सविस्तर वृत्तांत चिमाजीअप्पांनीं ज्यांस पत्रानें कळविला ते हेच विरक्त. पारसनिसांनीं पत्रव्यवहार प्रसिद्ध करून स्वामींस गुरुपदाच्या आसनावर बसविलें. राजवाड्यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ याच्या तिसऱ्या खंडांत त्यांच्यावर कठोर टीका केली. सावकारीचा आक्षेप खोटा नाहीं. पेशव्यांस दिलेलीं कर्जें, त्यांचा तगादा, वस्तूंच्या मागण्या हें सर्व पत्रांत आहे, आणि पारसनिसांच्या चरित्रांतील भक्तिभावानें तें झांकत नाहीं. मात्र तेवढ्यावरून विरक्ति हें निव्वळ सोंग होतें असें अनुमान कोणी काढील तर तें आम्हांस मान्य नाहीं. पत्र जन्मास येतें तेंच एकांत मोडल्यावर. जो दिवस खरोखर एकांतांत गेला त्याचा कागद दप्तरांत सांपडावयाचा नाहीं; तेव्हां कागद नाहीं म्हणून एकांतही नव्हता, हा न्याय पुण्णास लावला तर तोही टिकणार नाहीं.

सुदैवानें येथें तपासाचें एक साधन आहे. स्वामी दरवर्षीं श्रावणमासीं समाधि लावून बसत, अशी त्यांची ख्याति. त्या काळच्या पत्रांत साल नसलें तरी तिथि पुष्कळदां असते. छापील संग्रहांतून श्रावणांतील तेवढीं पत्रें वेगळीं काढावीं. त्यांत स्वामींकडून गेलेलीं किती व स्वामींस आलेलीं किती हें पाहावें. आणि आलेल्यांचीं उत्तरें कोणत्या तिथीस गेलीं, भाद्रपदाच्या आधीं कीं नंतर, तें मांडावें. ज्यांच्या संग्रहीं या घराण्याचीं अप्रसिद्ध पत्रें असतील त्यांनीं प्रथम तिथीच नकलून घ्याव्या.