मावशीचा प्रश्न : 'अर्थसी' आणि तिचे वाचक

प्रस्थापित समीक्षेने 'रसिक' नावाचा एक वाचक गृहीत धरलेला आहे. त्याला जात नाही, बाईपण-पुरुषपण नाही, पोट नाही. त्याला जे आवडले ते वाङ्मय आणि जे खटकले तो प्रचार, असा हिशेब वर्षानुवर्षे चालत आला आहे. हा रसिक प्रत्यक्षात कोण असतो, हे मला एका परक्या भाषेतल्या, कुमारांसाठी लिहिलेल्या अद्भुत कथामालिकेच्या वाचकांनी दाखवून दिले. त्या वाचकांत मीही होतो. म्हणून या लेखात इतरांची झडती घेताना स्वतःचीही घेणे भाग आहे.

उर्सुला ल ग्विन (१९२९-२०१८) या अमेरिकन लेखिकेची 'अर्थसी' ही ती मालिका. एका प्रकाशकाने किशोरांसाठी काहीतरी लिहा म्हटले आणि १९६८ साली 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' आले. त्यानंतर 'द टूम्स ऑफ अटुआन' आणि 'द फार्देस्ट शोअर' (१९७२). मग अठरा वर्षांचे मौन. १९९० साली 'टेहानू' आणि २००१ साली 'टेल्स फ्रॉम अर्थसी' व 'दि अदर विंड'. असंख्य बेटांचे हे जग आहे. तिथे प्रत्येक वस्तूला, प्राण्याला, माणसाला एक खरे नाव असते. ते ज्याला कळले त्याची त्या वस्तूवर, त्या माणसावर सत्ता चालते. म्हणून माणसे खरे नाव जपून ठेवतात आणि अगदी विश्वासाच्या माणसालाच सांगतात. जादूगाराने जगाचा समतोल मोडू नये, हे या जगाचे तत्त्वज्ञान. लेखिकेवर लाओत्सेच्या ताओ विचाराचा संस्कार होता. 'ताओ ते चिंग'चे आपले इंग्रजी रूप तिने १९९७ साली प्रसिद्ध केले.

तिचे वडील आल्फ्रेड क्रोबर मानववंशशास्त्रज्ञ होते. कॅलिफोर्नियातील याही जमातीचा संहार झाल्यावर उरलेला एकटा माणूस १९११ साली बाहेर आला, तेव्हा त्याने आपले नाव कोणालाच सांगितले नाही. क्रोबर यांनी त्याला 'इशी' म्हटले. त्याच्या भाषेत त्याचा अर्थ फक्त 'माणूस'. ल ग्विनची आई थिओडोरा क्रोबर यांनी त्याच्यावर १९६१ साली पुस्तक लिहिले. खरे नाव देणे म्हणजे स्वतःला दुसऱ्याच्या हाती देणे, ही कल्पना या घरात केवळ कल्पना नव्हती.

आता वाचकांकडे वळू. पहिल्या पुस्तकाचा नायक गेड हा तांबूस-तपकिरी रंगाचा आहे. त्याचा मित्र व्हेच काळा आहे. त्या द्वीपसमूहातले बहुतेक लोक सावळे किंवा काळे आहेत. सुरुवातीलाच गेडच्या गावावर धाड घालणारे रानटी लोक तेवढे गोरे, पिवळ्या केसांचे आहेत. हे सारे पुस्तकात छापलेले आहे. तरीही कितीतरी गोऱ्या वाचकांना गेड वर्षानुवर्षे गोराच दिसत राहिला! पहिल्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर रूथ रॉबिन्स यांनी तांबूस चेहरा काढला होता. पुढच्या अनेक मुखपृष्ठांनी तो धुऊन काढला. २००४ साली अमेरिकन दूरचित्रवाणीने मालिका केली तेव्हा गेड गोरा नट झाला. त्याच महिन्यात ल ग्विन यांनी लेख लिहून याचा जाहीर निषेध केला. आपल्या माणसांचे रंग आपण जाणूनबुजून, गाजावाजा न करता ठरवले होते, हे त्यांनी सांगितले. वर्णाने गोरे नसलेल्या काही वाचकांनी, या प्रकारच्या वाङ्मयात आम्हाला फक्त याच पुस्तकांत आमची जागा दिसली, असे कळवल्याचेही त्यांनी नोंदवले.

एकच पान, एकच वाक्य. एकाला त्यात आपला चेहरा सापडतो आणि दुसऱ्याला तिथे काही लिहिले आहे हेच दिसत नाही. न दिसणाऱ्याचे डोळे अधू नव्हते. नायक म्हटला की तो आपल्यासारखाच असणार, ही त्याची खात्री अक्षरांपेक्षा पक्की होती. 'मी रंग पाहत नाही, मी फक्त माणूस पाहतो' असे म्हणणारा हाच वाचक असतो. आपल्याकडे तो 'मी जात मानत नाही' असे म्हणतो.

मी एम.ए.ला असताना ही पुस्तके ग्रंथालयात हाती लागली. बाप सालगडी, आई रोजंदारीवर, घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. डोंगरात शेळ्या राखणारा, आईवेगळा, काशाची अवजारे घडवणाऱ्याचा पोरगा गेड मला परका वाटणे शक्यच नव्हते. तो रोक बेटावरच्या जादूच्या विद्यालयात जातो. तिथे जॅस्पर नावाचा उमराव घराण्यातला विद्यार्थी त्याला भेटतो. तो आपली ओळख बापाचे नाव, जहागीर आणि बेट यांसह करून देतो आणि गेडच्या तोंडाकडे पाहत थांबतो. गेड फक्त आपले चालू नाव सांगतो. पुढे काही नाही. ते थांबणे मी ओळखतो. वसतिगृहात, मुलाखतीत, पुढे नोकरीच्या ठिकाणी शिक्षकांच्या खोलीत 'पूर्ण नाव?' असे विचारून लोक माझ्याकडे असेच पाहत थांबलेले आहेत.

वर्गात ही गोष्ट सांगितली तेव्हा एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, अर्थसीत कोणालाच आडनाव नाही." मला हे कधी सुचले नव्हते. तिथे नाव लपवण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. आपल्याकडे नाव विचारण्याचा हक्क काहींना आहे आणि सांगण्याची सक्ती इतरांना. नाव कळले की सत्ता चालते, हा नियम मात्र दोन्हीकडे सारखाच. त्या मुलीचे ते एक वाक्य मला अनेक विद्वत्तापूर्ण अभिप्रायांहून मोलाचे वाटते.

वाचकांतला दुसरा वाद 'टेहानू'चा. तिसऱ्या पुस्तकाच्या शेवटी गेडची सगळी शक्ती संपते. 'टेहानू'त तो घरी येतो तो थकलेला, लाजलेला माणूस म्हणून. या पुस्तकाच्या केंद्रस्थानी टेनार आहे. दुसऱ्या पुस्तकात लहानपणीच थडग्यांची पुजारीण करण्यासाठी उचलून नेलेली, जिचे नावसुद्धा देवांनी खाल्ले असे मानले जाई, तीच ही टेनार. आता ती शेतकऱ्याची विधवा आहे. तिने थेरू नावाची एक पोर सांभाळली आहे. तिच्याच माणसांनी तिच्यावर अत्याचार करून तिला आगीत टाकले होते. कथा चालते ती चुलीपाशी, शेळ्यांच्या गोठ्यात, धुण्याच्या जागी. पुस्तकाला नेब्युला पुरस्कार मिळाला आणि पुष्कळ स्त्रियांनी त्याचे स्वागत केले. पण जुन्या चाहत्यांपैकी अनेकांना ते विश्वासघातासारखे वाटले. गेडला दुबळा केला, जादू संपवली, गोष्टीत राजकारण घुसडले, लेखिका स्त्रीवादाच्या आहारी गेली, अशा तक्रारी झाल्या.

कबूल करतो, पहिल्या वाचनात मीही तक्रार करणाऱ्यांतच होतो. ज्या पोराने शेळ्या सोडून रोकचा दरवाजा गाठला, त्याला लेखिकेने पुन्हा शेळ्यांकडे का धाडावे? मला ते माझ्यावरच उगारलेले हत्यार वाटले. इथवर येताना काय सोसले हे आम्हालाच ठाऊक. आम्हाला परत पाठवण्याची भाषा कोणी केली की अंगाची आग होते.

एका सुट्टीत घरी तूर निवडत बसलेल्या आईला मी पहिल्या पुस्तकाची गोष्ट सांगितली. गेडची आई तो वर्षाचा होण्याआधीच मरते. गावात चेटूक करणारी त्याची मावशी त्याला सांभाळते. शेळ्यांना बोलावण्याचा पहिला शब्द तो तिच्याच तोंडून ऐकतो आणि मग तीच त्याला आपल्याजवळची विद्या देते. पुढे मोठा जादूगार येतो, त्याला घेऊन जातो. रोक, सावली, समुद्र, विजय. आईने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "मंग त्या मावशीचं काय झालं रं? पहिला सबूद तर तिनंच शिकवला व्हता की."

माझ्याकडे उत्तर नव्हते. पुस्तकाकडेही नव्हते. पहिल्या पुस्तकात ती मावशी अडाणी म्हणून बाजूला सारली जाते, आणि बायकांची जादू कमकुवत आणि दुष्ट असते अशा अर्थाची त्या बेटावरची म्हण लेखिका काहीही शंका न घेता सांगून टाकते. मीही ती म्हण शंका न घेता वाचून गेलो होतो. गोऱ्या वाचकाला गेडचा रंग दिसला नाही, म्हणून मी त्याला हसत होतो. मला मावशी दिसली नव्हती, आणि मी तर तूर निवडणाऱ्या बाईचा पोर!

ल ग्विन यांचे मोठेपण हे की, हाच प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. १९९२ साली ऑक्सफर्ड येथील व्याख्यानात त्यांनी मान्य केले की, आपली पहिली पुस्तके पुरुषांच्या वीरकथेच्या परंपरेत राहूनच लिहिली गेली होती. 'टेहानू' म्हणजे तेच जग खालून पाहणे. तिथे गावची म्हातारी चेटकीण आता पूर्ण माणूस म्हणून येते. २००१ च्या कथांत तर इतिहासच उलगडतो. रोकचे विद्यालय मुळात स्त्रिया आणि पुरुष यांनी मिळून उभारले होते, स्त्रियांना नंतर बाहेर काढले गेले. परंपरेने असेच चालत आले आहे, असे सांगणाऱ्यांची परंपरा किती अलीकडची असते!

समतोलाचे तर याहून विशेष. अनेक वाचकांनी या मालिकेतल्या समतोलाच्या तत्त्वाला पौर्वात्य शहाणपण म्हणून डोक्यावर घेतले. मला तो शब्द पहिल्यापासून संशयास्पद वाटत आला आहे. जे जिथे आहे ते तिथेच असू द्यावे, हा उपदेश आमच्या पूर्वजांनी पुष्कळ ऐकलेला आहे. गावगाड्याचाही एक समतोल होता, आणि तो आमच्या पाठीवर तोललेला होता. 'दि अदर विंड'मध्ये लेखिका हाच संशय स्वतःच्या जगावर घेते. मृतांचा जो कोरडा प्रदेश सृष्टीचा नियम म्हणून सांगितला गेला होता, तो प्राचीन जादूगारांनी अमरत्वाच्या हव्यासाने ड्रॅगनांच्या प्रदेशातून चोरलेला निघतो. शेवटी ती दगडी भिंत पाडली जाते. जो समतोल म्हणून पुजला तो चोरीचा माल होता, हे आपल्याच मालिकेत कबूल करायला लेखिकेला तीस-बत्तीस वर्षे लागली. पण तिने ते केले. आपल्याकडे किती लेखकांनी केले?

म्हणजे या मालिकेत सगळेच आपले आहे, असे मी म्हणत नाही. माजलेल्या अनागोंदीवर तिसऱ्या पुस्तकाचा उपाय म्हणजे सिंहासनावर योग्य राजा बसवणे. राजा चांगला मिळाला की प्रजेचे भले होते, ही समजूत लोकशाही मानणाऱ्या वाचकाने गिळू नये. शिवाय त्या द्वीपसमूहात गेडच्या रंगामुळे त्याची वाट कोणी अडवत नाही. रंग आहे, पण रंगाची शिक्षा नाही. तिथे आपली कहाणी शोधणाऱ्याने हा फरक विसरता कामा नये. जॅस्परचे थांबणे ओळखीचे वाटले तरी जॅस्परच्या मागे गावाची विहीर आणि वेस उभी नाही.

'टेहानू'वरचा आक्षेप मात्र आपल्या पूर्ण ओळखीचा आहे. गोष्ट चांगली होती, राजकारणाने बिघडवली. दलित साहित्याला 'यात अनुभव आहे, पण कला नाही' असे बजावणाऱ्यांची भाषा याहून वेगळी नव्हती. पहिल्या तीन पुस्तकांतही राजकारण होतेच. कोण विद्यालयात जाईल, कोण चुलीपाशी राहील, कोणाचे शब्द विद्या आणि कोणाचे चेटूक, हे तिथे ठरलेलेच होते. ते ठरलेले होते म्हणून ते कोणाला राजकारण वाटले नाही. चुलीपाशी बसलेली बाई बोलू लागली तेव्हाच रसिकांच्या रसात खडा लागला. आणि त्या रसिकांच्या पंगतीत, पोटभर जेवून उठलेला मीही होतो, हे मला विसरता येत नाही.

आपल्या पिढीपुढचा धोका हाच आहे. रोकचा दरवाजा उघडून आत आलेला माणूस हळूहळू रोकच्याच डोळ्यांनी पाहू लागतो. पदवी मिळाली, अभिरुची आली, मग मावशीचे शब्द चेटूक वाटू लागतात. म्हणून तरुण वाचकांना माझी विनंती आहे. ही पुस्तके जरूर वाचा, सहाही वाचा, पहिल्या तिनांवर थांबू नका. ती वाचून घरी सांगा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना आधी सांगा आणि ते काय विचारतात ते लिहून ठेवा. आमच्या समीक्षेला परिभाषेची उणीव नाही. उणीव आहे ती पहिला शब्द शिकवणाऱ्या मावशीचे पुढे काय झाले, हे विचारणाऱ्या वाचकाची.